दुसरं उष्टावण

एका पोराचं उष्टावण दोनदा करतात, हे राहीआत्यांनी उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं; आणि न ऐकलेली गोष्ट घडताना आपण तिथे नसणं त्यांना सोसणारं नव्हतं. भाच्याच्या, विश्वजितच्या लग्नात मानाच्या साडीवरून आलेला रुसवा अजून पुरता निवळला नव्हता, तरी रविवारी सकाळच्या पहिल्या एसटीने त्या साताऱ्याहून निघाल्या. कंदी पेढ्यांचा पुडा मांडीवर धरून आष्टा रस्त्यावरच्या फाट्याला उतरल्या आणि धाकट्या भावाच्या खानावळीमागच्या घरात शिरून पाय धुवायच्या आधी त्यांनी विचारलं, "कुठाय ती उपाशी म्हाराणी?"

महाराणी सतरंजीवर उशीला टेकून बसली होती. प्रांजल, वय आठ महिने, डोक्यावर कुरळं जावळ, नजर एखाद्या तपासनिसासारखी. तिच्या पुढ्यात वाट्या मांडल्या होत्या, आणि वाटी पाहून ती कुणाची हे सांगता येत होतं. नाचणीची पेज तिच्या आईची, स्वप्नालीची. तूप घातलेला मऊ वरणभात आजीचा, हरणाबाईंचा. मटणाचं बिनतिखटाचं अळणी पाणी आजोबांचं. बिरदेवअण्णांच्या मते जगात असा आजार नाही आणि असा हट्ट नाही जो अळणीपुढे टिकेल. कुस्करलेल्या स्ट्रॉबेरी बापाच्या, विश्वजितच्या, कारण महाबळेश्वरहून येणाऱ्या एका गिऱ्हाइकाने त्याला सांगितलं होतं की लाल रंगाला पोरं भुलतात. राहीआत्यांनी अर्धा पेढा दुधात विरघळवून आणखी एक वाटी रांगेत ठेवली.

प्रांजलने सगळ्या वाट्या पाहिल्या आणि ओठ मिटून घेतले.

पहिलं उष्टावण सहाव्या महिन्यात रीतीप्रमाणे झालं होतं. मामाने सोन्याच्या अंगठीने खीर चाटवली, पोरीने ती मामाच्या नव्या शर्टावर परत केली, सगळे पोट धरून हसले, जेवले आणि आपापल्या गावी गेले. तेव्हा ते हसण्यासारखंच होतं. पण त्याला दोन महिने झाले तरी आईच्या दुधाखेरीज पोरीच्या पोटात कण गेला नव्हता. सांगलीच्या डॉक्टरांनी जीभ, टाळू, घसा सगळं तपासलं. कशात काही दोष नाही म्हणाले. पण वजनाचा काटा दोन महिने जागचा हललेला नव्हता, आणि आता नुसत्या दुधावर भागणार नाही हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

आणि उद्या सोमवार होता. उद्या स्वप्नालीची रजा संपत होती. शिराळा तालुक्यातल्या बावीस गावांत लहान मुलांच्या आहाराचं काम करणाऱ्या एका संस्थेत ती होती. रजा आधीच दोनदा वाढवून झाली होती. तिसऱ्यांदा जमणार नाही, तुमच्या जागी दुसरी मुलगी घ्यावी लागेल, असं त्यांनी गोड शब्दांत कळवलं होतं. सकाळी आठला निघायचं, संध्याकाळी सहाला परत यायचं. जाताना पाजता येईल, आल्यावर पाजता येईल. मधल्या वेळात पोर कुणाच्या तरी हातून चार घास खाईल तर नोकरी राहील, नाही तर जाईल, इतकं ते सरळ होतं. काल शनिवारी त्याची रंगीत तालीमही झाली. स्वप्नाली मुद्दाम सहा तास सांगलीला मैत्रिणीकडे जाऊन बसली. पोर रडून रडून लालबुंद झाली, तिने पाणीसुद्धा ओठाला लावू दिलं नाही, आणि दोनला आई दारात दिसताच तिच्या अंगावर झेपावली. त्या सहा तासांनी घरातल्या प्रत्येकाचं मत पक्कं झालं होतं. फक्त कुणाचं कुणाशी जुळत नव्हतं.

स्वप्नालीला मतांपेक्षा लाज जास्त जाळत होती. बावीस गावांतल्या आयांना ती हेच तर शिकवायची: सहा महिने झाले की वरचं कसं सुरू करायचं, पेज किती घट्ट करायची, घास केवढा घ्यायचा. तिच्या हातची नाचणी तिथली पोरं मिटक्या मारत खायची. आणि घरी ही तऱ्हा. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं तिला अजून तोंडावर कुणी म्हटलं नव्हतं. पण ती स्वतःच स्वतःला दिवसातून दहादा म्हणत होती.

"एक घास भाकरीचा देऊन बघ," राहीआत्या म्हणाल्या. "दाताला काय तरी पायजे आसंल."

"दातच नाहीत आत्या तिला."

"मग हिरड्यांना."

आत्यांनी शाळवाच्या भाकरीचा तुकडा अळणीत भिजवून पोरीच्या मुठीत दिला. पोरीने तो उलटसुलट पाहिला, हात लांब केला आणि तुकडा थेट आत्यांच्या ओठाला लावला.

"आगं माजी माय ती!" आत्या हरखल्या. त्यांनी 'आम्म' करून खाल्ल्याचं नाटक केलं आणि तोच तुकडा फिरवून पोरीच्या तोंडाशी नेला. पोरीने मान वळवली.

"असंच करती," स्वप्नाली म्हणाली. "काय बी द्या, दुसऱ्याला भरवाया जाती. स्वतः न्हाई."

"हाटेलवाल्याची नात शोभती. गिऱ्हाईक आधी!" आत्या हसल्या आणि मग अंमळ गंभीर झाल्या. "हे बग पोरी, माजं ऐक. आजपासनं अंगावरचं बंद कर. कडूलिंबाचा पाला वाटून लाव. दोन दिस आरडंल, तिसऱ्या दिशी भाकरीच्या बुट्टीत हात घालंल. माजी चारीच्या चारी अशीच तोडली."

"नको आत्या. तिला कडू लागलं तर ती मला सोडंल. खायाला लागंल कशावरनं?"

"मग बस सांभाळत. नोकरीबी धरायची आन् पोरगीबी धरायची, हात दोनच हाईत माणसाला."

हे वाक्य दोन महिन्यांत स्वप्नालीला या ना त्या तोंडून पाचव्यांदा ऐकू आलं होतं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे काल दोन वाजता दारात उभं राहून रडणारी पोर पाहिली तेव्हा ते तिला स्वतःलाही पटलं होतं.

स्वयंपाकघरात हरणाबाई दोन चुलींच्या मधे उभ्या होत्या. एकीवर तांबडा, दुसरीवर पांढरा. गॅस होता, पण रस्सा चुलीवरचाच, या एका गोष्टीवर ही खानावळ बावीस वर्षं चालली होती. रविवारी दीडदोनशे ताटं उठायची. भिंतीलगत दोघी बायका भाकऱ्या थापत होत्या आणि हरणाबाई काही न बोलता, नुसत्या वासावरून, कुठल्या पातेल्याखालचं लाकूड मागे ओढायचं ते ठरवत होत्या.

विश्वजित कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन आत आला आणि रेंगाळला. आईला कळलं. कोथिंबीर ठेवायला इतका वेळ लागत नाही.

"आई, तूच सांग की स्वप्नालीला."

"काय सांगू?"

"की पोरगी सांभाळणं तुज्याच्यानं हुणार न्हाई म्हणून. खानावळ बघशील का पोरगी बघशील?"

"तिनं जाऊ नये आसं तुला वाटतंय व्हय?"

"मला तसं न्हाई वाटत..."

"मग?"

विश्वजितने जुडीची दोरी सोडली, पुन्हा बांधली. "पोरगी उपाशी ऱ्हाऊ नये आसं वाटतंय. काल तू बघितलीस न्हवं?"

"बघितली. माज्याच मांडीवर हुती." हरणाबाईंनी लाकूड ओढलं. "तुला सांगायचं तर तू सांग बायकोला. माज्या खांद्यावर बंदूक ठिवू नगंस. उद्या नोकरी गेली तर ती जल्मभर म्हणंल, सासूनं घालवली."

तो गेला. हरणाबाई पातेल्यात पळी फिरवत राहिल्या. काल पोर मांडीवर तडफडत होती तेव्हा त्यांना काय वाटलं ते त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. आपल्या हातचं खायला तासगाव-विट्याहून माणसं गाड्या काढून येतात. अनोळखी माणसाच्या ताटाकडे नुसतं पाहून याला अजून अर्धी भाकरी लागणार हे आपण ओळखतो. आणि रक्तामांसाचं एवढंसं लेकरू आपल्या हातून एक चमचा घेत नाही. त्यांना भारी अपमान वाटला होता, आणि आठ महिन्यांच्या पोरीचा राग मानता येत नाही म्हणून तो अपमान तसाच आत राहिला होता.

नानासो आले ते साडेदहाच्या सुमाराला. स्वप्नालीचे वडील. माण तालुक्यातून दिवाळी झाली की मेंढरं घेऊन निघायचे, कृष्णाकाठी उतरायचे. सध्या तीन किलोमीटरवर तोडलेल्या उसाच्या रानात त्यांची मेंढरं लेंडीखतासाठी बसायला होती. डोईला पटका, खांद्यावर घोंगडं, हातात काठी. बिरदेवअण्णांचा बापही हेच करत होता, पण अण्णांनी मेंढरं विकून खानावळ टाकली होती, आणि व्याही समोर आला की आपण काहीतरी जास्त केलं की कमी केलं हे त्यांना ठरवता येत नसे.

नानासो उंबऱ्यापाशी बसले. चहा घेतला. नातीकडे पाहिलं. मग तासभर काहीच बोलले नाहीत. लोकांना वाटलं, पाहुणा संकोचतोय. पण चाळीस वर्षं मेंढरांमागे काढलेल्या माणसाला नुसतं पाहत बसायचा कंटाळा नसतो. कुठलं जनावर कळपात असून कळपात नाही, हे तसंच कळतं. त्यांनी पाहिलं की आत्यांनी वाटी बदलली. विश्वजितने चमच्याचं विमान केलं. लेकीने गाणं म्हटलं. पोरीभोवती सगळे गोलाकार बसून तिच्या तोंडाकडे टक लावून होते, आणि पोरगी एकेकाच्या तोंडाकडे. ती काहीतरी शोधत होती. काय, ते नानासोंना कळेना, आणि न कळलेली गोष्ट सोडून देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

शेवटी ते म्हणाले, "तुमी समदी जेवता कवा?"

बिरदेवअण्णा नुकतेच गल्ल्यावरून आत डोकावले होते. ते ओशाळले. "चुकलंच माजं! आगं, पाव्हण्यास्नी ताट कर आधी..."

"मला न्हवं वो. तुमी घरची. जेवता कवा, आन् कुटं?"

"आता काय सांगायचं," अण्णा म्हणाले. "हाटेलाचं काम. चार वाजता गर्दी मोडली की मी गल्ल्यापाशी उभ्या उभ्या दोन घास खातो."

"जावयबापू?"

"मी सकाळी मार्केटला जातो तवा सांगलीतच खातो कायतरी," विश्वजित म्हणाला. "दुपारी भाकरीत भाजी गुंडाळून. गाडीत."

"तू गं?"

स्वप्नालीला हसू आलं. "ही झोपली की, आबा. जागी असली की ताटात हात घालती, सांडती. म्हणून मी झोपवूनच बसती."

"आन् विहीणबाई?"

हरणाबाई पदराला हात पुसत दारात येऊन उभ्या होत्या. "मी जेवते की."

"कवा?"

"जेवते. समद्यांचं झालं की."

विश्वजितने आईकडे पाहिलं. आईला ताटावर बसलेली पाहिल्याचं एक तरी चित्र डोळ्यांपुढे येतंय का, हे तो शोधत होता, आणि येत नव्हतं. बिरदेवअण्णांनाही तोच शोध लागला असावा, कारण ते उगीच छताच्या पंख्याकडे पाहू लागले.

"म्हंजे हिनं आजवर माणूस जेवताना बघितलंच न्हाई," नानासो म्हणाले. त्यांना जे सापडलं होतं त्याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटत होतं. "ताटं जाताना बघितली. भाकरी इकडनं तिकडं देताना बघितली. ती बी तेच करती. द्यायची वस्तू हाय, तर देती. तिचं काय चुकलं?"

"आईचं दूध प्यायाला कुणी दावलं हुतं तिला?" राहीआत्या म्हणाल्या. "ते बरं आलं."

"ते जल्मतः येतं, आक्का. चारा येत न्हाई. आमी कोकरं जाळीत येगळी कोंडतो. आईचं दूध पित्यात, पर म्होरं हिरवा पाला टांगला तरी हुंगून सोडत्यात. मग त्यांच्यात एक खाणारी मेंढी सोडायची. कोंबायचं न्हाई, काय न्हाई. ती आपली खाती, ही बघत्यात. दोन दिसांत तोंड लावत्यात."

स्वप्नाली उठली आणि कपाटातून कामाची पिशवी काढून त्यातली चित्रांची मोठी वही उलगडली. चौथं पान. सतरंजीवर आजी, आजोबा, आई, बाप ताटं घेऊन जेवतायत आणि मधे बाळ. खाली लिहिलेलं: बाळाला कुटुंबासोबत जेवायला बसवा. हे पान तिने बावीस गावांत दाखवलं होतं. दर वेळी भरभर उलटलं होतं, कारण त्यात सांगण्यासारखं काय आहे असंच तिला वाटे. जेवायला तर सगळेच बसतात.

"आण्णा," ती सासऱ्यांना म्हणाली, "आज दुपारी समदी बसूया. हिच्यासमोर."

"बसू की. चारला बसू."

"चारला ती झोपलेली असती. आन् उद्या मी नसताना तिला साडेबारालाच लागणार. तवाच बघाया पायजे."

बिरदेवअण्णांनी घड्याळाकडे पाहिलं. साडेअकरा. तासगावची पंचवीस माणसं बाराला येणार म्हणून सकाळीच फोन आला होता, शिवाय रविवारची रोजची गर्दी. "साडेबाराला? रविवारी? आगं, येडी का खुळी तू? तवा मला श्वास घ्यायला येळ नसतो. बावीस वर्षांत रविवारी दुपारी ही चूल सोडून कुणी हललं न्हाई."

"तेच सांगत्यात पाव्हणं," राहीआत्या म्हणाल्या. मघाशी त्यांनीच पाहुण्यांना टोकलं होतं. आता जागा बदलून बसल्यासारखा त्यांचा आवाज आला. "बिरू, तू बायकोसंगं जेवायला बसलायस रं कवा? मी तरी बघितलं न्हाई. आपली आई बापासंगं बसलेली न्हाई बघितली, ते सोड. तुजं सांग."

"आक्का, हे काय आता मधीच?"

"माजं नाव कशाला काडताय," हरणाबाई दारातूनच म्हणाल्या. "तुमी समदी बसा. मला रस्सा बघायचाय."

"न्हाई आई," स्वप्नाली म्हणाली, आणि सासूशी इतकं सरळ ती पहिल्यांदाच बोलली. "समदी न्हाई बसली तरी चालंल. तुमी बसाय पायजे. उद्या तिच्याजवळ तुमीच असणार."

हरणाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नेहमीची नजर होती ती, आता तुम्हीच नको म्हणा, अशी. पण अण्णांचं लक्ष पोरीकडे होतं. तिने सतरंजीवरचा तो मघाचा भिजका तुकडा पुन्हा उचलला होता आणि या वेळी आजोबांकडे हात केला होता. अण्णा दोन क्षण तिच्या मनगटाकडे पाहत राहिले. बांगडी ढिली झाली होती.

"फॅमिली रूमात बसा," ते म्हणाले. "मी वाढतो."

फॅमिली रूम म्हणजे प्लायवूडच्या आडोशामागचं टेबल आणि त्यापुढे फुलाफुलांचा पडदा. बायकामुलांना घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकांची सोय. रोज सकाळी हरणाबाई ते टेबल स्वतः पुसत, पण त्या बाकावर त्या आज पहिल्यांदा बसल्या, आणि बसल्या त्याही एका टोकाला, उठायला सोपं जाईल अशा. समोर नानासो, त्यांच्या मांडीवर प्रांजल. शेजारी आत्या, स्वप्नाली, विश्वजित. पडद्यापलीकडे तासगावची माणसं आलेली, ताटांचा आणि खुर्च्यांचा आवाज, "मालक, कांदा!"

"पोरीकडं कुणी बघायचं न्हाई," नानासोंनी बजावलं. "गप जेवायचं."

मग सगळ्यांनी असं न पाहायला सुरुवात केली की खुद्द पोरीला संशय यावा. विश्वजित ताटाकडे इतका खाली वाकला की त्याचं नाक वाटीला लागलं. आत्यांनी मिटक्यांचा आवाज गरजेपेक्षा मोठा केला.

हरणाबाई बसून होत्या. अण्णांनी ताट वाढलं: भाकरी, अळणी, वाटीत तांबडा, कांदा. हरणाबाईंनी भाकरी मोडली आणि त्यांना जुनी एक संध्याकाळ आठवली. तेव्हा त्या सतरा वर्षांच्या होत्या, लग्नाला महिना झाला होता. मेंढरांमागे दिवसभर चालून आल्यावर रानातल्या मुक्कामाच्या वाड्यावर तीन दगडांच्या चुलीपाशी त्यांनी दुसरी भाकरी घेतली, आणि सासू चारचौघांत म्हणाली, सूनबाईपरास मेंढरं बरी, त्यास्नी पोट तरी म्हाईत हाय. पुरुष माणसं हसली. हसणाऱ्यांत बिरदेवही होते. त्यांच्या आता ध्यानातही नसेल. पण त्या दिवसापासून हरणाबाईंनी कुणाच्या देखत घास उचलला नव्हता. आधी रुसून, मग सवयीने, आणि मग खानावळ निघाली तेव्हा कुणी विचारायचा प्रश्नच उरला नाही.

"पांढऱ्यात खोबरं कमी पडलंय वाटतं," त्या उठल्या.

"मी बघतो. बस," पडद्यातून अण्णा म्हणाले.

त्या बसल्या. पडदा हलला, पुन्हा उठल्या. "भाकऱ्या..."

"बस म्हटलं न्हवं."

मग त्यांनी पदर पुढे ओढला, मान भिंतीकडे वळवली आणि जेवायला लागल्या. भरभर, बारीक घास, चावून होण्याआधी पुढचा, जणू कुणीतरी हाक मारणारच आहे. स्वप्नालीने पाहिलं आणि तिला आतून चर्र झालं. तीन वर्षं एका घरात राहून आपण हे कधी पाहिलं नाही. बावीस गावांतल्या घराघरांत जाऊन आपण विचारतो, आज काय खाल्लं, कधी खाल्लं. या एका बाईला कधी विचारलं नाही.

प्रांजल मात्र पाहत होती. भिंतीकडे वळलेल्या तोंडाचा हलणारा जबडा तिला दिसला आणि ती नानासोंच्या मांडीवरून पुढे झुकली. घास तोंडात गेला. बाहेर आला नाही. पुन्हा एक गेला. तोही आला नाही. पोरीच्या कपाळाला आठी पडली. तिने टेबलावर हात आपटला आणि आजीकडे जायला दोन्ही हात केले.

नानासोंनी काही न बोलता तिला पलीकडे दिलं. आजीच्या मांडीवर बसून तिने ताटात हात घातला, अळणीत भिजून मऊ झालेला भाकरीचा बारका तुकडा मुठीत धरला आणि सवयीप्रमाणे आजीच्या ओठाला लावला. हरणाबाईंनी 'आम्म' केलं नाही. त्यांना नाटक येत नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं, तो घास घेतला, चावला, गिळला.

पोरीने रिकाम्या हाताकडे पाहिलं. मग आजीच्या तोंडात दोन बोटं घातली आणि घास कुठे गेला ते शोधू लागली. विश्वजितला हसू फुटलं; नानासोंनी डोळे वटारले तसा तो ठसकला. पोरीने दुसरा तुकडा उचलला. तो आजीकडे गेला, अर्ध्या वाटेत थांबला, परत फिरला आणि तिच्या स्वतःच्या तोंडात गेला.

तिचं तोंड वेडंवाकडं झालं. अंगावर शहारा आला. टेबलाभोवतीचे सगळे हात थांबले.

"जेवा," नानासो हळूच म्हणाले.

सगळे जेवले. पोरीने तोंड हलवलं, अर्धं हनुवटीवर सांडलं, अर्धं गेलं. तिसरा घास तिने स्वतःच घेतला. चौथ्याला अळणी सगळी आजीच्या पातळावर सांडली आणि कुणालाच काही वाटलं नाही. राहीआत्या पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "तिखटानं आलं गं पाणी," आणि त्यांच्या ताटातला रस्सा अजून तसाच होता.

स्वप्नालीला वाटलं होतं, हा क्षण आला की आपण आनंदाने रडू. झालं वेगळंच. पोर पाव हातावर बसली होती आणि अर्धा तास तिने आईकडे वळूनही पाहिलं नव्हतं. आपल्याशिवाय तिचं चालू शकतं याचा सुटकेचा श्वास आणि त्याच गोष्टीचं दुःख, दोन्ही एकदम आलं. तिने दोन्ही गिळलं आणि भाकरी मोडली. उद्या आठला निघायचं होतं.

"आता रोज अशी बसायची व्हय गं तू?" आत्यांनी भावजयीला विचारलं. "साडेबाराला?"

प्रश्न साधा होता, पण विश्वजित आणि स्वप्नाली दोघांनीही माना वर केल्या. साडेबारा म्हणजे खानावळीची ऐन गर्दी. हरणाबाईंनी पोरीची हनुवटी पुसली. "बसाय लागंल," त्या म्हणाल्या. "एकटीला जेवायचं येत न्हाई अजून तिला." आणि मग, पडद्याकडे न पाहता, आवाज थोडा चढवून, "उद्यापासनं साडेबाराला मी जेवणार हाय. सांगून ठिवते."

पडदा बाजूला झाला. बिरदेवअण्णा हातात पळी घेऊन उभे होते, कपाळावर घाम, पांढऱ्या सदऱ्यावर तांबड्या रश्शाचे डाग. मागे कुणीतरी ओरडत होतं, "मालक, रस्सा! मालक!" अण्णांनी बायकोकडे पाहिलं. पदर कधीच मागे सरकला होता, ओठाला भाकरीचा कण लागला होता, मांडीवर नात. ते रागावले नव्हते. उद्याची गर्दी कशी लावायची याचा हिशेब ते खरंच करत होते, म्हणून त्यांनी विचारलं, "तुला जेवायला किती येळ लागतो?"

हरणाबाई विचारात पडल्या.

"काय ठावं," त्या म्हणाल्या. "कवा बसून बघितलंच न्हाई."

अण्णा उभेच राहिले. मागून पुन्हा हाक आली. त्यांनी वळून, बावीस वर्षांत गिऱ्हाइकावर न चढवलेला आवाज चढवला, "दम धरा जरा! घरची जेवत्यात." मग काखेतल्या बुट्टीतून एक गरम भाकरी काढून त्यांनी बायकोच्या ताटात ठेवली. दुसरी भाकरी होती ती. हरणाबाईंनी ती मोडली, आणि या वेळी सावकाश चावली.